शिडी, किटली आणि आपली गल्ली

मंगळवार, ४ मार्च, सकाळचे सव्वासात. छापखान्यात उरलेल्या पुस्तिका बांधताना.

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

आपली गल्ली नव्या रस्त्यात जाऊ नये म्हणून कुणाला मत द्यावं, असं तू विचारलंस. मालकांनी मला नेमकं तेच काम दिलं होतं. मतदारांसाठी पुस्तिका: प्रत्येक पक्षाला एक पान, सगळ्यांना तेच रकाने. पाणी, शाळा, दवाखाना, रस्ता. या लोकांची लायकी मोजायला एवढी जागा फार झाली. शाळेच्या रकान्यात तर सगळ्यांनी एकच भाषण उतरवलंय.

फरक फक्त रस्त्याचा. किटली निशाणीवाले म्हणतात, एकही घर पाडणार नाही. शिडीवाले म्हणतात, गल्ली हटवू.

आणि इथेच माझा हात चुकला. किटलीची उत्तरं शिडीच्या नावाखाली गेली, शिडीची किटलीच्या. छापण्याआधी दोन्ही कचेऱ्यांत तपासायला दिलं होतं. दोघांनीही बरोबर म्हणून सही केली. शिडीवाल्यांनी फोटो मोठा करा एवढंच सुचवलं. पुस्तिका घरोघरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मालक म्हणतात, गप्प बस. माझ्या घशाखाली घास उतरत नाही. लोकांना खरं सांगू का?

तुझा,
टिंबू

शुक्रवार, ७ मार्च

चि. टिंबूस आशीर्वाद.

तोंड उघडलंस तर याद राख. परवा किटलीवाला आला. त्याचं पान वाचून दाखवलं, तर गल्ली हटवू या शब्दांनाही मान डोलावली. पाणीसुद्धा विचारलं नाही मी. काल शिडीवाला आला. निवडून तोच येणार म्हणतात, म्हणून ओट्यावर बसवून त्याचंही वाचलं आणि सगळ्यांदेखत त्यावर सही मागितली. शिंप्याने पेन दिलं, बेट्याने झोकात केली. माणसाने मूर्ख असावं, पण किती?

दोन घास वेळेवर खात जा.

तुझी आत्या

सोमवार, २४ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

शिडी चढली. रस्त्यासाठी आलेल्या मोजणीवाल्यांना तू सहीचं पान दाखवून परत पाठवलंस, म्हणून आज शिडीवाले साहेब स्वतः छापखान्यात आले. हे वचन मी कधी दिलं, असं विचारू लागले. मी खरं सांगून टाकलं. त्यांनी किटलीचं पान उघडलं, ओठ हलवत वाचलं आणि म्हणाले, हेही आमचंच वाटतंय.

मग मालकांनी सांगितलं की सही सगळ्या गल्लीने पाहिलीय, बभ्रा होईल. साहेब म्हणाले, गल्ली राहू दे, याला काढा. मालकांनी निदान माझा चहा संपू दिला.

तेव्हा तुझी वरची खोली झाडून ठेव. ती आता पडत नाही.

लोभ आहेच, तो जेवणाच्या ताटापर्यंत पोचावा.

तुझा,
टिंबू