धाकटीचं पाचारण

६ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं मागचं पत्र दोन ओळींचं होतं. त्यातली एक हवामानाची. दुकानातली शाई संपली की बहिणीची आठवण, ते कळव.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण चॅपेलमध्ये त्यांचं कोण ऐकतंय!

आता मुद्द्याचं. तुमच्या गावात आमच्या सिस्टरांच्या संघाचं एक घर आहे, मनाने आजारी असलेल्या आणि घरच्यांनी टाकून दिलेल्या बायकांचं. बायका अडतीस, सिस्टर पाच, आणि त्या पाचांतली सगळ्यांत तरुण त्रेसष्ट वर्षांची. संघाने ठरवलंय की या कामात प्रापंचिक माणसांनाही घ्यायचं. हाताखाली नव्हे, बरोबरीने. आपापला संसार आणि धंदा सांभाळून ती येतील, सिस्टरांबरोबर काम करतील, प्रार्थनेला बसतील आणि मनापासून वाटलं तर एका वर्षाचं वचन देतील. तिथल्या मदरनी मला विचारलं, तुमची बहीण येईल का. मी म्हटलं, विचारून बघते.

रागवायचंच असेल तर पत्र दोनदा वाचून रागव.

माया आहेच, तिला उत्तराचा खुराक हवा.
तुझी,
ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दोनदा वाचलं. दोन्ही वेळा रागावले.

बावीस वर्षांपूर्वी मी सिस्टर व्हायला तुझ्याच संघात तीन वर्षं उमेदवारी केली. मग एका सकाळी मोठ्या मदरनी बोलावून सांगितलं की तुला पाचारण नाही, देवाने तुला या वाटेवर बोलावलेलंच नाही. कारण सांगितलं नाही. दुपारी बाबा न्यायला आले आणि बसस्टँडच्या बाकावर माझ्या ट्रंकेवर हात ठेवून बसून राहिले. ते बसणं मी विसरलेले नाही. आता माणसं कमी पडली तेव्हा पाचारण पोस्टाने आलं का?

पण घोळ असा झालाय की मदर काल चष्म्याची दांडी बसवून घ्यायला दुकानात आल्या, आणि आमच्या चष्मेवाल्यांनी मला न विचारता अडतीस बायकांचे डोळे तपासून द्यायचं कबूल करून टाकलं. नवऱ्याची जीभ एवढी सैल असेल असं लग्नात कोणी बोललं नव्हतं. नंबर काढते मी, काचा घासते मी, शब्द देतात हे. तर मी एकदाच जाईन. डोळे तपासीन आणि परत येईन.

लोभ असावा असं लिहायची आज इच्छा नव्हती. सवयीने लिहिते आहे.
तुझी,
धाकटी

२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

माणसं कमी पडली हे खरंच आहे. तुला गोड बोलून फसवणार नाही. पण तेवढंच खरं असतं तर संघाने पगारी बायका ठेवल्या असत्या.

डोळे तपासायला जाते आहेस, मला पुरे आहे.

तुझी वाट बघणारी,
ताई

२८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एकदाच म्हणाले होते, चार गुरुवार झाले. हसू नकोस.

लांब खोली आहे, उंच खिडक्या आणि भिंतीला लावलेली बाकं. कोणी काच चाटून बघितली, एकीने माझी बॅटरी पदरात लपवली. शेवटच्या बाकावर एक बाई भिंतीकडे तोंड करून बसते, अकरा वर्षं. तिच्या कागदांवर लिहिलंय की माणसं ओळखत नाही, बोलावलं तरी बघत नाही. तिला अक्षरांचा तक्ता दाखवण्यात अर्थ नव्हता. नुसता डोळ्यात उजेड टाकून नंबर काढला. ताई, उणे दहा! हाताच्या पंजापलीकडे तिला सगळं धुकं. भिंतीकडे बसायची, कारण भिंत तेवढी जवळ होती.

पुढच्या गुरुवारी जाड काचांचा चष्मा घातला. ती थोडा वेळ आपले हातच बघत बसली. मग मदरकडे बघून म्हणाली की तू एवढी म्हातारी कधी झालीस. मदर पोट धरून हसल्या, आणि नंतर कोठीत जाऊन रडल्या. इतकी वर्षं आंघोळ घातली, घास भरवला, प्रार्थना केली, पण हिला दिसत नसेल हे एकीच्याही मनात आलं नाही, असं म्हणत होत्या.

ती बरी झाली असं समजू नकोस. परवा तिने मला यथेच्छ शिव्या दिल्या. पण तोंडाकडे बघून दिल्या.

एक विचारायचं आहे. मदर तेव्हा आमच्या उमेदवारीच्या घरात स्वयंपाक बघायच्या. चहा घेताना सहज म्हणाल्या, मला घरी पाठवलं त्याच्या आदल्या दिवशी मोठ्या मदरनी तुला बोलावून घेतलं होतं. मला हे कधीच कळलं नव्हतं. काय बोलणं झालं?

उत्तराची वाट पाहते.
तुझी,
धाकटी

१५ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

मोठ्या मदरनी मला विचारलं की हिला पाचारण आहे असं तुम्हाला वाटतं का. मी म्हटलं, ही देवाच्या मागून आलेली नाही, माझ्या मागून आली आहे.

मला ते खरं वाटत होतं. पण त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंचं पत्र आलं होतं. बाबा सुतारकाम करता करता पडले होते, हाताला लागलं होतं, आणि आपल्या दोघींना कळू द्यायचं नाही अशी त्यांनी ताकीद दिली होती. आई गेल्यापासून ते एकटे. कोणीतरी घरी जायला हवं होतं, आणि ती मी असू नये असं मला वाटत होतं. मी राहावं म्हणून तू गेलीस. हे मी कबुलीत फादरांना सांगितलं. तुला सांगायचं धैर्य मात्र झालं नाही.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला द्यावी लागेल.
ताई

२० मे

ती. ताई यांस,
सा. न. वि. वि.

मार्चपासूनची तुमची तिन्ही पत्रं पोचली. ही उत्तर देत नाही म्हणून हे कार्ड माझं. तुमचं मार्चचं पत्र तिने स्क्रूच्या खणात ठेवलंय. दिवसभर काचा घासते. मी तुमचा विषय काढला की मशीन सुरू करते. पण गुरुवार चुकवत नाही, आता सोमवारीही जाते. तिला सोडायचं असतं तर एव्हाना सोडलं असतं. धीर धरावा. हे कार्ड लिहिल्याचं बोलू नये, आमचं जेवण तिच्या हातात आहे.

आपला नम्र,
चष्मेवाला

११ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाच महिने तुझ्याशी मनात भांडले. मनातल्या भांडणात समोरची हरते, तरी मला काही जिंकल्यासारखं वाटलं नाही.

तू खोटं बोललीस असं म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं. पण मी तुझ्या मागूनच आले होते. तुझा पांढरा झगा, तुझी खोली, तुझ्यासारखं चालणं. देवाचा नंबर त्यानंतर होता. राग त्याचा नाही. राग याचा की ते तू मला न सांगता त्यांना सांगितलंस, आणि त्यात तुझी सोय होती.

पण बाबा त्यानंतर नऊ वर्षं, जाईपर्यंत, माझ्याजवळ होते. रंधा सुटल्यावर दुकानात बसून फ्रेमच्या दांड्या कानशीने घासायचे, गिऱ्हाइकांच्या कानांना नावं ठेवायचे. ते सगळं मला मिळालं. तुला नाही. हे मोजायला बसले आणि मध्येच उठले.

आता त्या फाटकातून आत जाताना पुढे कोणीच नसतं. मी माझी जाते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही चौघं वर्षाचं वचन देणार आहोत. एक बस कंडक्टर, एक शिक्षक नवराबायको आणि मी. चष्मेवाले म्हणतात, ते आधीच शब्द देऊन बसलेत, त्यांना वेगळं वचन नको. प्रत्येकाच्या बाजूला संघातली एक सिस्टर साक्षीला लागते. मदरनी विचारलं, कोण. मी तुझं नाव सांगितलं.

माफ केलं का ते विचारू नकोस. रोज सकाळी नव्याने करावं लागतं, काही दिवशी राहून जातं. तरी ये.

तुझ्या लोभाची अजून गरज असलेली,
धाकटी

२० ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. तू दिलेल्या चष्म्याने बसमध्ये सगळ्या पाट्या वाचत आले. शेजारची प्रवासीण कंटाळली.

रविवारी मदरनी मला उभं केलं आणि हिच्याविषयी काय सांगाल असं विचारलं, ते तुला नीट ऐकू गेलं नसेल, कारण तुझ्या मागच्या बाकावर बायकांची गाण्याच्या पुस्तकावरून ओढाताण चालली होती. मी रात्रभर चार वाक्यं घोकून ठेवली होती. तुझी श्रद्धा, तुझी सेवा, तुझं पाचारण. उभी राहिले आणि त्यातलं एकही बोलावंसं वाटेना. तुझ्या मनात देव काय करतो ते मला काय ठाऊक!

मी म्हटलं, ही सोमवारी येते आणि गुरुवारी येते. मला एवढंच नक्की माहीत आहे.

मदर म्हणाल्या, पुरे आहे.

तुझी माया आणखी वर्षभर मागणारी,
ताई