यंदा नोटीस नाही

२८ नोव्हेंबर
आज पुन्हा कौन्सिलला फोन केला. पैशांचं काम बघणारी लिनेद म्हणाली, "वरून काहीच आलेलं नाही, मेनिर. आलं की पहिल्यांदा तुलाच कळवते." वरून म्हणजे लंडनहून. मी चालवते त्या वेल्डिंग शिकवायच्या वर्कशॉपचे सरकारी पैसे मार्चअखेर संपतात आणि एप्रिलचं कुणालाच माहीत नाही. देश युरोपीय संघात होता तेव्हा तिकडून पैसे यायचे, काही वर्षांचं एकदम ठरायचं. 'युरोपच्या मदतीने' असं सांगणारा दारावरचा निळा फलक अजून तसाच आहे — काढायला शिडी कोण लावणार! आता दर हिवाळ्यात जीव टांगणीला.

३ डिसेंबर
नवऱ्याला, हेफिनला म्हटलं, युरोपातून बाहेर पडायला मत दिलंस तेव्हा माझ्या नोकरीचा विचार केला होतास का? तो म्हणाला, "अगं, आपलेच पैसे आपल्याला परत मिळणार होते ना."
"मग आण की."
त्यावर तो भर पावसात कुत्र्याला फिरवायला गेला.

६ डिसेंबर
नोटिसांचे दिवस आले. पुढच्या पगाराची खात्री नसली की नोकरी जाऊ शकते असं माणसांना आधी लेखी सांगावं लागतं. गेले दोन हिवाळे हेच चाललंय: नव्या वर्षासाठी अर्ज धाडायचा, त्याच आठवड्यात सगळ्यांना चहाला बसवायचं, अर्ज गेला म्हणून सांगायचं आणि नोटिसा वाटायच्या. मग फेब्रुवारीत पैसे येतात, नोटिसा रद्द. आमचा वेल्डिंगचा शिक्षक इद्वल त्या चहाला 'आमची वार्षिक हकालपट्टी' म्हणतो.

म्हणतो खरा. पण गेल्या वर्षी कागद घेतला आणि चहा तसाच टाकून निघून गेला. अठ्ठावन्नचा माणूस, पोलाद कारखान्याने एकदा घरी बसवलेला. आमच्या या खोऱ्यात वेल्डिंगची परीक्षा घ्यायचा परवाना त्याच्या एकट्याकडे. तो गेला तर वर्कशॉपला कुलूपच.

अर्ज काल पाठवला. कुणाला बोलले नाही. सांगितलं की नोटिसांचा विषय निघणार. यंदा नोटिसा द्यायच्याच नाहीत. नाताळच्या तोंडावर कशाला कुणाच्या जिवाला घोर लावायचा? पैसे आले नाहीत तर कायद्याने मी अडकेन. अडकेन तर अडकेन.

१७ डिसेंबर
टेग्वेनचा आज पहिला सरळ जोड जमला. बेकरी बंद पडल्यावर आमच्याकडे वेल्डिंग शिकायला आली, घरी दोन पोरं. मास्क वर करून म्हणाली, "जूनमध्ये परीक्षा नक्की ना? एके ठिकाणी काम मिळतंय, पण सर्टिफिकेट मागतात." मी हो म्हटलं. कुठल्या तोंडाने म्हटलं कोण जाणे!

निघताना इद्वल दारात थबकला. "यंदा चहा नाही वाटतं, पोरी?"
"यंदा नाही," म्हटलं आणि हसले.
तोही हसला. टोपी घालून गेला. बरं वाटलं. निदान एकाचा नाताळ तरी निवांत.

१४ जानेवारी
काही नाही.

२२ जानेवारी
लिनेदलाच नोटीस मिळाली! तिचा पगारही त्याच पैशांतून. माझी समजूत घालणारी बाई आज रडत होती आणि समजूत मी घालत होते. मला घास गेला नाही. नोटिसा न देऊन मी शहाणपणा केला की मूर्खपणा? हेफिनला विचारायची सोय नाही, तो लगेच कुत्रा शोधतो.

६ फेब्रुवारी
आले — पैसे आले! एकाच वर्षाचे, गेल्या खेपेपेक्षा कमी, पण आले. लिनेदचीही नोकरी राहिली. अट एकच: परवाना असलेल्या परीक्षकासह वर्ग एप्रिलपासून चालू हवा. चालूच आहे की!

इद्वलला सांगायला वर्कशॉपकडे अक्षरशः धावले. तो नव्हता. टेग्वेन म्हणाली, "हेरफर्डला गेलाय, उद्या येईल." त्याची लेक त्या शहरात असते, तिच्याकडे गेला असणार. केक आणून ठेवलाय. किती दिवसांनी पोटभर जेवले.

७ फेब्रुवारी
इद्वलने हेरफर्डच्या कारखान्यात नोकरी धरली. काल सही केली, भाड्याची खोलीही घेतली. केककडे बघत म्हणाला, "तू अर्ज केलास की नोटीस देतेस. यंदा नोटीस नाही. मला वाटलं, अर्जच केला नसशील आणि तुला तोंडाने सांगवत नसेल."