खडू परत मिळण्याबाबत

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (सध्या गुडघा वाकत नाही, तेव्हा आठांतलं एक अंग बाकी धर, बरा झाला की पोचतं करीन.) तुझी कंबर आणि आतोबांचं घोरणं दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत, म्हणजे बायको खुशाल आहे आणि मी लेखक आहे, असं समज.

सूप-ब्रेडचं दुकान कसं चाललंय हे तू विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. चाललेलं नाही, नुसतं उभं आहे. समोर बसथांबा आहे, माणसं भरपूर आहेत, पण ती बसची वाट पाहतात, सुपाची नाही. मला लहानपणापासून कादंबरीकार व्हायचं होतं आणि तू म्हणायचीस, आधी पोटापाण्याचं बघ. मी ते इतकं मनावर घेतलं की सगळ्या रस्त्याच्या पोटापाण्याचं बघत बसलो आणि कादंबरी राहूनच गेली. तर दाराबाहेर आमचा एक काळा फळा असतो. आजचं सूप कोणतं, ते त्यावर रोज सकाळी खडूनं लिहायचं. एके दिवशी ‘टोमॅटोचं सूप’ एवढं लिहून झाल्यावर खाली केवढी तरी जागा उरली, आणि थांब्यावर माणसं रिकामटेकडी उभी. ज्याला जन्मात वाचक मिळाला नाही त्याला असे आयते वाचक दिसल्यावर त्यानं काय करावं? मी कादंबरी सुरू केली.

रोज एक भाग लिहायचा, आदल्या दिवशीचा पुसून. नायिका दीपगृहात एकटी राहते आणि वादळ येतं. (पुढचं विचारू नकोस, वादळ अजून चालूच आहे.) कादंबरी वाढत गेली तसं सूप कोपऱ्यात सरकत गेलं आणि शेवटी तिथे नुसतं ‘सूप आहे’ एवढंच उरलं. लोक वाचायचे आणि बस आली की निघून जायचे. मग तुझ्या लाडक्या सूनबाईनं सुचवलं की भाग ऐन रंगात तोडा आणि उरलेला आत गल्ल्यापाशी लावा. (धंद्यात तिची अक्कल माझ्यापेक्षा जास्त चालते, हे तिला कळवू नकोस.) झालं, आगीतून फुफाट्यात! लोक आत आले, गल्ल्याशी उभं राहून उरलेलं वाचलं, पंख्याखाली घाम वाळवला आणि चालते झाले. त्यातून लिहिताना माझी तंद्री लागली की शेगडीवरचं भान सुटायचं. तिकडे वादळ वाढलं की इकडे सूप तळाला लागायचं. शेजारचे शिंपी आमचं एकमेव हमखास गिऱ्हाईक. ते दारातच नाक वर करून करपट वास घ्यायचे आणि म्हणायचे, “आज भाग चांगला जमलेला दिसतोय.” मग कोरडा ब्रेड तेवढा खाऊन जायचे. मला बापड्याला त्यात फक्त कौतुक ऐकू यायचं.

एवढ्यात मी तापानं आडवा झालो. मी दुकानावरच्या खोलीत कण्हत पडलेला आणि खाली ती एकटी. फळा मोकळा कसा ठेवायचा, म्हणून तिनं आपलं सुचेल ते लिहिलं : ‘मालक तापानं झोपलेत. वादळ थांबलं आहे. सूप करपलेलं नाही, आत येऊन खात्री करून घ्या.’ दुसऱ्या दिवशी : ‘मालकांनी आज माझ्या सुपाला नाक मुरडलं, म्हणजे बरे होताहेत.’ पुढे एकदा : ‘मीठ जास्त पडलंय. ज्यांचं सकाळी घरी भांडण झालंय त्यांना जाणवणार नाही.’ लोक बस सोडून आत यायला लागले म्हणे! सूप मागायचे, माझी विचारपूस करायचे, उद्या काय लिहिणार म्हणून तिला छळायचे. मी भिंत धरत धरत खाली उतरलो तर मालकाला बसायला खुर्ची नाही. माझ्या खुर्चीत शिंपी. मला बघून म्हणाले, “बरं व्हायची एवढी घाई करू नका हो.”

आत्या, तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. तिचा हेवा वाटला. जिला पोस्टकार्डसुद्धा लांबलचक वाटतं, तिच्या चार ओळींनी जे केलं ते माझ्या अख्ख्या दीपगृहाला जमलं नाही. तेव्हापासून खडू तिच्या एप्रनच्या खिशात आणि मी शेगडीपाशी. दुकान आता खरंच चालायला लागलंय, सूप करपत नाही, शिंपी वाटी ब्रेडनं पुसून खातात. सगळं छान आहे आणि मला काही गोड लागत नाही. उरलेलं आयुष्य नुसतं बरं सूप करणारा माणूस म्हणूनच काढायचं की काय? तुझा शब्द ती मोडत नाही. तेव्हा तिला चार ओळी लिही की फळ्याचा निदान खालचा अर्धा भाग मला द्यावा. नायिका बिचारी अजून भिजतेय.

तुझा,
तूर्तास आचारी असलेला भाचा

ता. क. मी सांगितलं म्हणून लिहिते आहेस असं तिला भासवू नकोस. सहज आठवण झाली म्हण.

आणखी ता. क. तिला काहीच लिहू नकोस! मी तिकीट आणायला गेलो आणि पत्र गल्ल्यावरच राहिलं. येऊन बघतो तर ही कांद्याच्या पोत्यावर बसून वाचतेय. आता माझी खरडपट्टी निघणार म्हणून मी दारातच थांबलो. तर मान वर न करता विचारते कशी, “मग आत्यांनी काय उत्तर दिलं?” मी म्हटलं, अजून टाकलंच नाहीये. “मग टाका की लवकर,” ती म्हणाली, “पुढे काय होतं ते कळायला नको?” आत्या, दीपगृहाबद्दल हे मला कुणी, कधीच विचारलं नव्हतं. तेवढ्यात मागून शिंपी आले, त्यांनी नाक वर केलं आणि म्हणाले, “आज भाग चांगला जमलेला दिसतोय.” सूप पार तळाला लागलं होतं. आणि या खेपेला ते ढवळायचं काम तिच्याकडे होतं.

शेवटचा ता. क. खरं काम राहिलंच. उत्तरात मला जरा सणसणीत रागव, ती वाट बघतेय. आणि हे पत्र वाचून झालं की परत पाठव. तिकीट लावलेलं पाकीट सोबत घातलंय. आजवर लिहिलेलं सगळं पुसत आलो, हे एवढं राहू दे.