डाव्या विंगेतलं स्टूल

मास्तर, यंदा देवळाच्या कालोत्सवातल्या नाटकात मी रंगमंचावर उभा राहणार आहे. दूताचं काम आहे, वाक्यं इनमीन चार-पाच, पण इतकी वर्षं डाव्या विंगेत स्टुलावर बसून दुसऱ्यांना वाक्यं पुरवणाऱ्या माणसाला तेवढीही पुष्कळ. तुम्हाला जाऊन दहा-बारा वर्षं झाली. तरी आपल्या सगळ्या चोपडे गावात ही बातमी आधी कुणाला सांगावी म्हटलं तर तुम्हीच आठवलात, म्हणून लिहायला बसलोय.

तुम्ही मला तालमीला बोलावलंत तेव्हा गावाने मला पिसो, ठार वेडा, ठरवून टाकलं होतं. वास्कोला बंदराजवळच्या एका कचेरीत नोकरी करताना मला मधूनच जळका वास यायचा, पोटातून भीती वर चढायची, मागून कुणीतरी हाक मारतंय असं वाटायचं. डॉक्टरांना मी हे सगळं प्रामाणिकपणे सांगितलं आणि त्यांनी कागदावर स्किझोफ्रेनिया लिहिलं. मग सहा वर्षं गोळ्या. जीभ जड, हात थरथरते, डोळ्यांवर सतत झापड, आणि ती हाक तर थांबलीच नाही. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. आईने कौल घ्यायला देवाला फुलाची पाकळी लावून पाहिली. ती उजवी पडली, त्यातून तिला धीर आला, मला तेवढाही नाही. घरात मी तोंड उघडलं की उरलेलं वाक्य दुसरंच कुणीतरी पुरं करायचं. प्रेमानेच करत होते, त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती.

अशात एका संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात आणि आईला म्हणालात की प्रॉम्प्टर मिळत नाही, शाळेत याचं वाचन चांगलं होतं, याला पाठवा. आई घाबरली. नाटकमंडळींतही कुजबुज झाली, की कानात आवाज येतात त्यालाच मास्तर आवाज द्यायला बसवताहेत. आज मला त्याचं हसू येतं, विनोद काही वाईट नव्हता. तालमीआधी तुमच्या स्वयंपाकघरात चहा व्हायचा. पहिल्याच दिवशी माझ्या हातातला कोप हिंदकळला आणि चहा सगळा पँटवर. दुसऱ्या दिवसापासून काकी मला अर्धाच कोप द्यायच्या, तो संपला की पुन्हा अर्धा, बरोबर बुडवायला एक कांकण, तो बांगडीसारखा कडक पाव. माझ्या हातांबद्दल त्या घरात कधी एक शब्द निघाला नाही. काकींना मी याबद्दल काहीच म्हटलं नाही. आता त्याही तुमच्याकडेच आहेत, तेव्हा माझ्या वतीने सांगा.

आणि ती बोलणी आठवतात. तालमीत राजाचं काम करणारा जरा थांबला की मी लगेच शब्द फेकला. तुम्ही तालीम थांबवलीत आणि सगळ्यांसमोर मला म्हणालात, "तो थांबलो म्हणान इसारलो असां नाय. तेचे डोळे बघ. वाट बघूक शिक." मला फार लागलं. पण मग माझ्या लक्षात येत गेलं, की माझ्याशीही तुम्ही तसंच वागता. मी अडखळत बोलत असलो की तुम्ही समोर बसून माझ्याकडे बघत असता आणि माझं वाक्य मला मिळेपर्यंत थांबता. सहा वर्षांत तसं थांबणारे तुम्ही पहिले.

तुम्ही असे बघत होता म्हणूनच पुढचं तुम्हाला दिसलं. दुसऱ्या अंकाची तालीम चालू आहे, राजा अडलाय, विंगेकडे बघतोय आणि विंगेतून शब्दच येत नाही. मंडळी हसतात, गोळ्यांनी झोप लागली असेल म्हणतात. तुम्ही उठून माझ्यापर्यंत येता. माझे डोळे उघडे आहेत, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलताहेत, बोटं पानाचा कोपरा चिवडताहेत, तुमची हाक मला ऐकू येत नाही. थोड्या वेळाने मी काहीच झालं नाही अशा थाटात वाक्य वाचतो. हे सगळं मला तुमच्याकडून कळलं, कारण त्यातलं माझ्याजवळ काहीच नव्हतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं. तेव्हा तुम्ही सगळ्यांना घरी पाठवलंत आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलात.

"पिसो नाय तू. तू मधीच खंय तरी जातंस आणि परत येतंस. खंय जातंस तां कोणाक तरी विचारूक होया."

मग आम्हा मायलेकांबरोबर तुम्ही स्वतः बसने मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे आलात आणि ते ओठ, ती बोटं त्यांना करून दाखवलीत. मास्तर, तुम्ही आयुष्यात केलेल्या अभिनयात तो सर्वांत चांगला. बाईंनी डोक्याला तारा लावून आलेख काढला आणि सांगितलं की हा फिट्सचाच एक प्रकार आहे, यात माणूस पडत नाही, म्हणून कधी कधी ओळखायला चुकतं. आई तिथेच रडली. जुन्या गोळ्या हळूहळू उतरवल्या, नव्या चढवल्या. वास गेला, हाक गेली, हात थांबले. मला मात्र पुढे पुष्कळ दिवस राग येत राहिला, कारण गेलेली वर्षं कुठल्याच डॉक्टरला परत देता येत नाहीत. आता तो राग क्वचित येतो. मोरजीच्या एका हॉटेलात मी रिसेप्शनवर असतो, दिवसभर बोलण्याचंच काम. लग्न झालं. तिला आधी सगळं सांगितलं, आणि तीही माझं वाक्य तोडत नाही, भांडणात सोडून.

हे पत्र मी कुठे टाकणार? नाटकाच्या प्रतीत घडी करून ठेवीन. एकच गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, दिग्दर्शकालाही नाही. दुसऱ्या अंकात मी धावत येतो आणि राजाला सांगतो की नदीला पाणी चढलंय, होडी निघणार नाही. वाक्य मला झोपेतही येतं. तरी त्याच्या आधी मी क्षणभर गप्प राहणार आहे, डाव्या विंगेकडे बघत. लोकांना वाटेल हा गेला पुन्हा. मी कुठेही गेलेलो नसेन, मास्तर.