गुडघ्यांची तारीख

२१ मार्च २०२०
लातूरहून फोन — मंगळवारचं ऑपरेशन रद्द! कोरोना. "आजी, सध्या फक्त तातडीचे पेशंट घेतोय," ती पोरगी म्हणाली. म्हणजे माझे गुडघे तातडीचे नाहीत. तिला म्हणावं, ये सिरसाळ्याला आणि हे गुडघे घेऊन एकदा मोरीतून उठून दाखव.

पिशवी भरून तयार होती. दोन गाऊन, विभूतीची डबी, एक्स-रेचा लिफाफा. आमचे हे म्हणाले, "राहू दे तशीच. पंधरा दिसांत बोलावतेल."

खरं सांगू? एवढं दुखतंय, तरी थोडं बरंही वाटलं. डॉक्टरांनी बजावलंय, ऑपरेशननंतर जमिनीवर मांडी घालायची नाही. कायमची बंद. म्हणजे खाली बसून पूजा करायचे आणखी पंधरा दिवस मिळाले.

२६ मार्च
सगळं बंद. ऐन लग्नसराईत आमच्या कापड दुकानाचं शटर खाली. लग्नाचे बस्ते बांधायला दहा-दहा बायका यायच्या, चहाच्या किटल्यांवर किटल्या! आता रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

वाटलं, आता तरी हे पूजेला माझ्या शेजारी बसतील. गेल्या दिवाळीत दुकानात गादीऐवजी स्टूल आणलं, तेव्हापासून पूजाही तिथंच उरकतात. म्हणे, "गिऱ्हाईक लौकर येतंय." आज कुठलं गिऱ्हाईक? उठून बघते तर यांची पूजा झालेली! पाच वाजता! फार राग आला.

८ एप्रिल
अठ्ठ्याहत्तर साली लग्न होऊन आले. माहेरी पूजा झटपट व्हायची. इथं सासूबाईंचा दंडक मोठा. डाव्या तळहातावर लिंग, मिटलेले डोळे, घातलेली मांडी, आणि त्यांनी 'उठा' म्हणेपर्यंत हलायचं नाही. पहिल्याच दिवशी पायांना अशा मुंग्या आल्या की उठता येईना. सासूबाई बेलाची पानं आणायला वळल्या, तेवढ्यात यांनी हात पुढं केला. दिवसाउजेडी त्यांनी धरलेला तो पहिला हात!

पुढे पाय सरावले. तरी मी रोज "हात द्या" म्हणायचेच. हे कधी कोणाला सांगितलं नाही. इथंच लिहितेय.

अजूनही माझी पूजा झाली की येतात हात द्यायला. पण दुसऱ्या हातानं चौकट गच्च धरून! म्हटलं, घर पडतंय का? तर म्हणतात, "तू काय हलकी हायस का?"

१७ मे
रोहिणीचा पुण्याहून फोन. "आई, खुर्चीवर बसून कर ना पूजा." लेक आहे, काळजीनं बोलते. पण लिंग हातात घेऊन पाय लोंबकळवत बसायचं? नाही जमणार मला. हात-पाय चालतात तोवर खालीच.

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "कावून हट्ट करतीस? मेल्यावर पुरताना बसवतेलच की मांडी घालून. आपल्या लिंगायतांत कुणाला सुटलंय ते?" हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. मग मनात आलं, गुडघे स्टीलचे झाल्यावर ते मुडपतील का? विचारलं. म्हणाले, "मुडपतेल. तवा दुखणार न्हाई."

२५ जुलै
नागपंचमी. शेजारच्या वत्सलाबाई गच्चीवरून ओरडल्या, "जगदेवी, ये फुगडी घालू!" एकेकाळी आम्ही दोघी फुगडीत कोणाला हार जायचो नाही. आज ती तिच्या गच्चीवर, मी माझ्या पायरीवर. दोघींनी नुसत्या टाळ्या वाजवल्या.

३ सप्टेंबर
मीच लातूरला फोन केला. अजून नाही. तो मजलाच कोरोनाला दिलाय म्हणे. पंधरा दिवसांचे साडेपाच महिने झाले. पिशवीतले गाऊन काढून वापरायला घेतले.

दुखण्यानं डोकं फिरलेलं होतं. यांना बोलून गेले — "बेचाळीस वर्षं शेजारी बसलात, आता कंटाळा आला का माझा?" हे तसेच दुकानाकडे गेले, पाय ओढत. चप्पल चावते म्हणे. कापड विकून थकले, पण स्वतःला चप्पल घेतील तर शपथ!

११ नोव्हेंबर
उद्या वसुबारस. रांगोळी उभ्यानं चाळणीतून पाडली. चाळणीतून! सासूबाईंनी पुसायला लावली असती.

२ डिसेंबर
लातूरहून फोन! ऑपरेशनं सुरू झाली. चौदा तारखेला या म्हणाली. वर विचारते, "तुमच्या दोघांत आधी कोणाचं करायचं?"

म्हटलं, दोघांत म्हणजे?

"सोमेश्वर खानापुरे तुमचे मिस्टरच ना? त्यांचेही दोन्ही गुडघे आहेत यादीत. मार्चची तारीख त्यांचीच होती. तुमचा नंबर जूनमध्ये होता. फेब्रुवारीत ते स्वतः इथं आले, तुमचं नाव पुढं लावलं, त्यांचं मागं."

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माल बघायला म्हणून लातूरला गेले होते. रिकाम्या हातानं परत आले. मी वर चेष्टा केली होती.

हे खाली बसूच शकत नव्हते. म्हणून दुकानात स्टूल आलं. म्हणून पाच वाजता एकट्यानं, उभ्या उभ्या पूजा. आणि बसले असतेच, तर मला उठवायला कोण होतं? मी म्हणाले होते, कंटाळा आला का माझा. दुपारभर रडले. दुकानातून यायची वेळ झाली तेव्हा तोंड धुतलं.

३ डिसेंबर
चौदा तारीख त्यांच्या नावावर करून घेतली. त्यांना अजून सांगितलं नाही. पाचच्या आधी उठले आणि देवघरात दोन खुर्च्या मांडल्या, शेजारी शेजारी. हे आले. खुर्च्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी हात पुढं केला. तो धरून बसले, आणि बसताना "आई गं!" म्हणाले — माझ्यासमोर पहिल्यांदा.