एकरंगी फरशी

दि. ९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू तपासण्यांसाठी चार दिवस इस्पितळात आहेस, ती संधी साधून तुझ्या पाठीमागे एक उद्योग केलाय. घरी गेल्यावर ओरडू नकोस. बाहेरच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या फरशा काढायला सांगितल्या. निम्म्या डुगडुगत होत्या. तू पाय घासत चालतेस हे भाचीने कळवल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. आता सगळीकडे एकच रंग, कुठे उंचवटा नाही. भाची गवंड्यांच्या डोक्यावर उभी राहून काम करून घेते आहे.

अख्ख्या शाळेला कवायत शिकवणारी बाई घरातल्या घरात पडली तर लोक हसतील, आणि सगळ्यांत आधी मी. म्हणून हा खटाटोप. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा

दि. १७ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फरशी झकास झाली आहे. शेजारीण दोनदा बघून गेली.

दुखणं पार्किन्सन्सचंच निघालं. मेंदूत खोलवर असलेल्या काही पेशी मरत जातात म्हणे. आपण न बघता, न ठरवता चालतो ना, तो हुकूमच पायांपर्यंत पोचत नाही. दारात आणि वळताना तर पाय जमिनीला खिळतात. मी डॉक्टरांना म्हटलं, सातवीचा वर्गसुद्धा माझं ऐकायचा, हे दोन पाय कोण लागून गेले!

हल्ली खुर्चीतच बसते. वय झालं, दुसरं काही नाही. तू दोन-दोन पाळ्या करू नकोस. आठवण ठेव.

तुझी ताई

दि. १२ सप्टेंबर

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आईच्या नकळत लिहिते आहे. काल तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हसत विचारलं, चौकटींवरची कवायत जोरात आहे ना? आई बेधडक हो म्हणाली. मला काही कळेना. तेव्हा त्यांनीच सांगितलं, की काळी फरशी ओलांडून पांढरीवर पाय टाकायचं ठरवलं की पाय बिनतक्रार उचलतो, असं आईने जूनमध्ये त्यांना ऐटीत सांगितलं होतं. समोर रेघ दिसली की मेंदू दुसऱ्या वाटेने हुकूम धाडतो, तेव्हा ती फरशी जपा, असं ते म्हणाले होते.

मामा, त्याच वेळी मी घरी त्या फरशा फोडून घेत होते.

परतताना आईला विचारलं. म्हणाली, धाकट्याने हौसेने केलंय, त्याला कळलं तर अन्न गोड लागायचं नाही. मलाही गप्प राहायचा दम दिला. पण ती खुर्चीत बसून आहे ते वयामुळे नाही, हे तुम्हाला कळायलाच हवं. मला रडू आवरत नाही. काहीतरी सुचवा. मामींना नमस्कार.

तुमची भाची

दि. २० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाचीवर रागावू नकोस. मी मात्र तुझ्यावर रागावलो आहे. सदऱ्याची गुंडी चुकली तरी चारचौघांत माझा कान धरायचीस, आणि मी तुझं चालणं उखडून फेकलं तेव्हा गप्प बसलीस?

सोबत काळ्या चिकटपट्टीची रिळं पाठवतो आहे. पावलापावलावर आडव्या पट्ट्या लावून घे. घर विद्रूप दिसलं तर दिसू दे. मला शिव्या घाल, पण चाल. रजा मिळाली की निघतोच.

तुझा करंटा भाऊ

दि. ३ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर पोरीचं, बोलणं माझं. हातही आता पायांना सामील झालाय.

पट्ट्या लावल्या. महिनाभर स्वयंपाकघरापर्यंत जाऊन येत होते, एकदा चहाही केला. आता पट्टी दिसते, पण पाय उचलत नाही. डॉक्टर म्हणतात, दुखणं पुढे सरकलं. जुन्या फरशा असत्या तरी आज ना उद्या हेच होणार होतं. तुझी समजूत काढायला हे लिहीत नाही. मधले तीन महिने मी चालले असते. ते गेले, याचं वाईट वाटतं. तुझ्यावर राग नाही, कधी नव्हताच.

पुढच्या आठवड्यात येतोस, ठीक. बेल वाजवून दारात थांबू नकोस. पोरगी कामावर असेल, म्हणून दार लोटूनच ठेवायला सांगते. मी दारापर्यंत येऊ शकणार नाही. तूच आत ये, मी असेन तिथवर. माया आहे तशी राहू दे.

ताई