लिफ्ट बंद, सिनेमा चालू

३ तारीख, सोमवार
लिफ्ट बंद होऊन पाच दिवस झाले. आमचं घर चौथ्या मजल्यावर, म्हणजे मी कैदी. नातीला दया आली. तिने डिस्कचं मशीन माझ्या खोलीत लावून दिलं आणि एक जुना काळा-पांढरा सिनेमा दिला, परदेशातला. म्हणाली, आजी, यात नुसते खून नाहीत, गरिबांचं दुःख पण आहे. म्हटलं, दुःख घरात भरपूर आहे, तू खून लाव.
एका इमारतीला आग लागते. आळ येतो बॉयलरवाल्यावर. टोपीवाला पोलीस दारोदार विचारतो, सगळे म्हणतात आम्ही काही बघितलं नाही. सहाव्या मजल्यावर एक म्हातारी खिडकीत विणत बसलेली. तिने सगळं बघितलंय, पण तोंड उघडत नाही. खाली आपल्या भाषेत अक्षरं येतात. मी चौथीपर्यंत शिकलेली. एक ओळ लावेपर्यंत वर दोघं मेलेले असतात.
शेवटाआधी डोळा लागला.

४, मंगळवार
परत लावला. त्या म्हातारीच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात. गरिबाचा जीव टांगणीला आणि ही बया टाके मोजतेय. तिच्या जागी मी असते तर
(इथे डोळा लागला.)

५, बुधवार, सकाळ
लिफ्टमन दूध आणि माझ्या बीपीच्या गोळ्या घेऊन चार मजले चढून आला. साठीचा माणूस, धापा टाकत होता. कमिटीची नोटीस आलीय म्हणाला. तो जागेवर नव्हता म्हणून लिफ्टची जाळी मोडली, असा ठपका. रविवारी मीटिंग, त्यात त्याला काढायचा विचार. अठरा वर्षं झाली त्याला इथे. या वयात कोण ठेवणार?
म्हटलं, तू घाबरू नकोस. जाळी कशी मोडली ते मला ठाऊक आहे, मीटिंगमध्ये उभी राहून सांगते. त्याने एकदा माझ्या काठीकडे बघितलं. म्हणाला, आजी, जिना उतरू नका, पडाल.
माणूस भोळा आहे.
ठराव: रविवारी बोलायचं.

६, गुरुवार
भाषणाची तयारी. 'बंधू-भगिनींनो' म्हणावं की सरळ 'अहो सेक्रेटरी' म्हणून झापावं? सून विचारते, तुम्ही नक्की काय बघितलंत? म्हटलं, मीटिंगमध्येच कळेल. तिला संशय घ्यायची खोड आहे.

७, शुक्रवार
वही कोणी वाचत नाही, तेव्हा झालं तसं लिहिते.
जाळी मोडली त्या दिवशी खाली पोचल्यावर आठवलं, चष्मा घरी राहिला. लिफ्टमनला किल्ली देऊन जिन्याने वर पिटाळला आणि त्याच्या स्टुलावर बसले. लिफ्ट कोणी पळवू नये म्हणून नेहमीसारखी जाळीत काठी अडकवली. मग काठी निघेना. जोर लावला. कडकड झालं आणि जाळी रुळावरून खाली.
त्यात माझं काय चुकलं? जाळी म्हणजे काय कागद आहे? शंभरदा म्हणायचा, आजी, काठी अडकवू नका. नीट सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं का? हात धरून त्यानेच मला वर आणलं. म्हटलं, सुनेला कळू देऊ नकोस, माझं एकटीचं बाहेर जाणं बंद होईल. त्याने शब्द पाळला. इतका पाळायला कोणी सांगितलं होतं?
तेव्हापासून काठीच्या टोकाची पितळी टोपी ढिली झालीय. तशी ती जुनीच.

९, रविवार
मीटिंग अकरा वाजता, तळमजल्यावर. भाषण पाठ, लुगडं नवं. पण जाणार कशी? लिफ्ट बंद. चालू असती तर देवाशपथ गेले असते.
सुनेबरोबर निरोप पाठवला, की नळाला पाणी कमी येतं.
ती आली आणि म्हणाली, एकमताने ठरलं. पंधरा तारखेपर्यंतच लिफ्टमन आहे. म्हटलं, वीस बिऱ्हाडं, त्यात एकाला कंठ फुटू नये? लाज नाही राहिली लोकांना.

१२, बुधवार, दुपार
आज जागी राहिले.
शेवटी ती म्हातारी विणकाम खाली ठेवते, कठडा धरते आणि सहा मजले उतरून कोर्टात जाते. गुडघे माझ्याहून वाईट. लिफ्ट त्या सिनेमात कुठे नाहीच. नातीला विचारलं, पहिल्यापासून हाच शेवट होता का? म्हणाली, आजी, सिनेमा रोज बदलत नाही.
तिचे सहा, आमचे चारच. ठराव: आत्ता, सरळ तळमजल्यावर सेक्रेटरीच्या दारात.

तीच तारीख, संध्याकाळ
तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचले. शेजारीण म्हणाली, आज इकडे कुठे? म्हटलं, पाय मोकळे करायला. चहाला बसवलंन. चहाला नाही म्हणू नये.
निघताना जिन्यात काठी टेकली आणि टोपी निसटली. टण, टण, टण, एकेक पायरी करत थेट तळमजल्यावर. जिथे मी जाणार होते तिथे ती पोचली. खालून सेक्रेटरी ओरडला, पितळेचं काय पडलं, कोणाचं आहे? दारं उघडली. सगळी इमारत जिन्यात डोकावली. मीही डोकावले, इतरांसारखीच.
लिफ्टमनने टोपी उचलली, म्हणाला, माझी आहे, आणि खिशात टाकली.
मी वर आले. चढताना फारसा त्रास झाला नाही.
उद्या दूध आणेल तेव्हा टोपी परत देईलच. त्याला ही डिस्क देणार आहे. आता त्याला वेळच वेळ. म्हणणार, शेवटपर्यंत बघ हो, म्हातारीचं काम फार चांगलं आहे.